महाविद्यालयीन बास्केटबॉलचे जुने हंगाम : एक साधनविचार

मोताळ्यासह बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालयीन बास्केटबॉलचे जुने हंगाम शोधणाऱ्या अभ्यासकास प्रथम नागपूरची वाट धरावी लागते. कारण १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन होईपर्यंत हा जिल्हा १९२३ सालच्या नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होता. हे ध्यानी न घेता केवळ अमरावतीची दप्तरे चाळणारा 'तत्पूर्वी संघच नव्हते' असा निष्कर्ष काढून बसेल.

गुणांचे आकडे त्याहून फसवे. तीन गुणांची रेषा आंतरराष्ट्रीय नियमांत आली ती १९८४ मध्ये. तोवर कितीही दुरून साधलेली टोपली दोनच गुणांची. गुणतक्त्यात ती इतरांत मिसळून जाते. ती कोणी, कोठून साधली, हे तत्कालीन खेळाडूच सांगू शकतात. आणि त्यांतील पुष्कळांनी आता सत्तरी ओलांडली आहे.