चूल आपली आपण सारवते तेव्हा

आमच्या वाईच्या घरी दिवाळीचा पहिला दिवा लागण्याआधी दोन गोष्टी स्वच्छ व्हाव्याच लागत. एक अंघोळीचा बंब आणि दुसरी स्वयंपाकघरातली चूल. बंब चिंचेने आणि राखेने घासण्याचे काम आम्हा मुलींकडे असे. चूल मात्र आई कोणाच्या हाती देत नसे. रात्रीची जेवणे आटोपली, निखारे विझले, की ती राख भरून काढी, शेणामातीच्या पाण्यात पोतेरे बुडवी आणि चुलीच्या तोंडापासून वैलापर्यंत हात फिरवी. थंडीत तिच्या बोटांना भेगा पडत आणि त्या भेगांत ती माती जाऊन बसे. दिवाळीच्या दिवसांत फराळाचे घाणे उतरता उतरता मध्यरात्र होई. पण पोतेरे फिरल्यावाचून ती निजली असे मला एकदाही आठवत नाही. आणि तिला कोणी ‘दमलीस का?’ असे विचारल्याचेही आठवत नाही. चूल सारवणे हे काम आहे, असेच मुळी कोणाला वाटत नव्हते.

पुढे मी शाळेत इतिहास शिकवू लागले. लढाया, तह आणि सनावळ्या यांत जन्म गेला. पण चुलीला इतिहास असतो, हे कळायला मला 2019 ची दिवाळी उजाडावी लागली आणि एका पोपटाचा जीव धोक्यात यावा लागला.

त्या वर्षी मी अमेरिकेत, न्यू जर्सीत, मुलीकडे होते. तिच्या स्वयंपाकघरात विजेची रेंज होती. म्हणजे वर चार शेगड्या आणि पोटात मोठा ओव्हन, असे एकसंध धूड. आमच्या लहानपणी नानकटाईचे गोळे पत्र्यावर मांडून बेकरीच्या भट्टीवर न्यावे लागत आणि आपला पत्रा ओळखून घेत तासन् तास ताटकळावे लागे. इथे भट्टी घरातच! मी हौसेने चार घाणे भाजले. तूप ओघळून ओव्हनच्या तळाला साचले आणि जळून काळे झाले. मी घासणी शोधू लागले, तेव्हा मुलगी म्हणाली,

“आई, राहू दे गं. तो स्वतःच साफ होतो.”

ऐकून मला हसू आले. सत्तरी ओलांडलेल्या बाईला असले काही सांगू नये!

वसुबारसेच्या दुपारी घरात कोणी नव्हते. लेक कामावर, जावई कामावर, नात शाळेत. दारावर ‘क्लीन’ असे लिहिलेले बटण मी आधीच हेरून ठेवले होते. म्हटले, पाहू तरी स्वतः कसा साफ होतो तो. बटण दाबले. खट्‌ आवाज झाला आणि दाराला आतून कुलूप पडले. वीस एक मिनिटांत तुपाचा जळका वास सुटला, दाराच्या फटीतून निळसर धूर येऊ लागला. नातीचा हिरवा पोपट त्याच खोलीत पिंजऱ्यात होता. तो पंख फुलवून दांडीवर गप्प बसला, तशी माझ्या पोटात धस्स झाले. मी दार ओढून पाहिले, पण ते उघडेना. मुलीला फोन लावला.

“आधी पोपट बाहेर ने,” ती म्हणाली. “मग ‘कॅन्सल’ दाब. खिडक्या उघड. आणि आई, दार ओढू नकोस. ते निवेपर्यंत उघडत नाही, ते बरंच आहे.”

मी पिंजरा व्हरांड्यात नेला, थंडी लागू नये म्हणून त्याच्या तीन बाजूंना माझी शाल गुंडाळली आणि शेजारी बसून राहिले. अर्ध्या तासाने पोपट ओरडला. इतका कर्कश आवाज मला पूर्वी कधी इतका गोड लागला नव्हता.

मुलगी घरी आली. रागावली नाही, कपाटातून रेंजचे माहितीपुस्तक काढून माझ्या हाती दिले, इतकेच. इतिहासाच्या शिक्षिकेला एवढी शिक्षा पुरे होती. मी ते पुस्तक वाचले, आणि मग त्याच्याही मागचे बरेच काही वाचले.

उघड्या विस्तवाला बंदिस्त करण्याचे श्रेय पुष्कळदा काउंट रम्फर्ड या गृहस्थाला दिले जाते. जन्माने अमेरिकन असलेला हा शास्त्रज्ञ बव्हेरियाच्या दरबारी होता आणि 1790 च्या दशकात म्युनिकमध्ये त्याने विटांच्या बंदिस्त चुली बांधल्या. उद्देश सरपण वाचवण्याचा. पुढे इंग्लंडात घरोघर लोखंडी रेंज आली. ती गंजू नये म्हणून तिला काळ्या शिशाचा, म्हणजे ग्रॅफाइटचा, लेप घासून चकाकी आणावी लागे. घरात मोलकरीण असेल तर तिने पहाटे उठून, थंड राख उपसून, हे काम उरकायचे. नसेल तर घरच्या बाईने. वाचताना मला वाटले, इंग्लंडात काय नि वाईत काय, पोतेऱ्याचे नाव तेवढे बदलले.

मग वीज आली. कॅनडातल्या ओटावा शहरी टॉमस अहर्न या विद्युत व्यावसायिकाने 1892 साली विंडसर हॉटेलात एक मेजवानी दिली. तिच्यातला प्रत्येक पदार्थ विजेवर शिजवलेला होता. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या काल्गुर्ली या सोन्याच्या खाणींच्या गावी डेव्हिड कर्ल स्मिथ नावाच्या नगरपालिकेच्या विद्युत अभियंत्याने विजेची चूल बनवली, आणि 1907 साली त्याची पत्नी नोरा हिने त्या चुलीवरच्या स्वयंपाकाचे पुस्तक लिहिले. त्यात पाककृती आहेत, आणि चूल कशी वापरावी याच्या सूचनाही. नवे यंत्र घरात आणायचे तर ते वापरायला शिकवलेही पाहिजे, हे तिने ओळखले होते. मी बटण दाबण्यापूर्वी असल्या सूचना वाचल्या असत्या, तर हा लेखच झाला नसता!

पण या चुलींच्या तारा तापून तापून तुटत. तो प्रश्न अमेरिकेतल्या अल्बर्ट मार्श याने सोडवला. निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे पेटंट त्याला 1906 साली मिळाले. ही तार लालबुंद होते, पण वर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर धरते आणि त्या थरामुळे आतला धातू जळत नाही. आजही विजेच्या असंख्य शेगड्यांत हीच तार तापते.

सरपण गेले, राख गेली, काजळी गेली. उरला तो ओव्हनच्या भिंतींवर उडालेला तुपाचा आणि साखरेचा चिकटा. तो काढायला बायका दाहक सोड्याचे द्रव वापरीत. हाताची साल निघे, डोळ्यांत पाणी येई, डोके आत खुपसून तासभर खरवडावे लागे. हे काम वाचवणारे यंत्र 1963 साली बाजारात आले. ते अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे होते, नाव ‘पी-7’. त्यामागचा अभियंता होता बोडान हुर्को. त्याच्या नावाचे पेटंट 1964 साली नोंदले गेले.

त्याची युक्ती सांगायला सोपी आहे. एरवी ओव्हन फार तर 290 अंश सेल्सियसपर्यंत तापतो. सफाईच्या वेळी तो 480 अंशांच्या आसपास नेऊन तीन-चार तास तसाच ठेवायचा. एवढ्या उष्णतेत चरबी आणि साखर टिकत नाहीत. त्यांचे विघटन होते, वायू आणि वाफ निघून जाते आणि तळाला मागे राहते चिमूटभर राख. आपण अग्नीला पावक म्हणतो, म्हणजे पवित्र करणारा. हुर्कोने कोणताही मंत्र न म्हणता त्याच्याकडून ते काम करून घेतले.

मात्र एवढा अग्नी घरात कोंडायचा, तर त्याला कोंडणारेही तसेच हवे. म्हणून आतल्या पोलादावर काचेचा मुलामा असतो, भिंतींत उष्णतारोधक काचतंतूंची जाड गादी असते आणि दाराला आपोआप पडणारे कुलूप असते. उष्णता साधारण 300 अंशांच्या वर असेतो ते उघडत नाही. उघडले, तर बाहेरची हवा एकदम आत शिरून आतला धूर भडकण्याची भीती. मी ओढत होते ते दार मला चटक्यापासून आणि आगीपासून वाचवीत होते!

आता माझ्या चुका मोजते, म्हणजे ज्यांच्या मुली-सुना अशा घरी नांदत आहेत त्यांना उपयोग होईल.

पहिली चूक, तळाला साचलेले तूप मी पुसून घेतले नव्हते. यंत्राने जाळायचे ते पुसता न येणारे डाग. डबकी आपणच टिपायची, नाहीतर धूर होतो, क्वचित आगही लागते. तशी ज्वाला आत दिसलीच, तर दार बंदच ठेवून वीज बंद करावी आणि अग्निशमन दलाला बोलवावे. दुसरी चूक, आतल्या जाळ्या आणि एक पत्रा मी आतच ठेवला होता. जाळ्या अशा आचेत काळवंडतात आणि मग नीट सरकत नाहीत. त्या बाहेर काढून साबणाने धुवाव्यात. तिसरी चूक, खिडक्या बंद होत्या. या सफाईत धुराबरोबर थोडा कार्बन मोनॉक्साइडही निघतो. म्हणून पंखा चालू हवा, खिडकी उघडी हवी, आणि लहान मुले व दम्याची माणसे दुसऱ्या खोलीत हवीत.

चौथी चूक सर्वांत मोठी. पाखराचे फुप्फुस हवा फार झपाट्याने शोषते, त्यामुळे विषारी वायू माणसाआधी त्याला बाधतो. ब्रिटनच्या कोळसा खाणींत कॅनरी पक्षी नेत ते याचसाठी, आणि ही चाल तिथे 1986 पर्यंत चालू होती. नॉनस्टिक भांड्याचा थर अतिशय तापला तर त्याच्या वाफेनेही पाखरे मरतात. म्हणून असे भांडे सफाईच्या वेळी ओव्हनमध्ये कधीही राहू नये, आणि पिंजरा आधीच दूर न्यावा.

आणखी दोन-तीन गोष्टी पुस्तकाने शिकवल्या. दाराभोवती विणलेली एक करडी पट्टी असते, तिला घासू नये. ती विरली की उष्णता बाहेर फुटते. अशा ओव्हनमध्ये बाजारचे दाहक द्रव वापरू नयेत, कारण त्यांचा अंश राहून पुढच्या आचेत मुलामा खराब होतो. तळाला ॲल्युमिनियमचा कागद अंथरू नये. काही नव्या रेंज कमी आचेवर पाण्याच्या वाफेने डाग सैल करतात. आपली कोणत्या जातीची, हे पुस्तकात पाहूनच बटणाला हात लावावा. रेंज मागच्या बाजूला भिंतीशी किंवा जमिनीशी लोखंडी पट्टीने जखडलेली आहे ना, हेही पाहावे; उघड्या दारावर मूल चढले तर ते धूड पुढे कलंडते. अमेरिकेत 1991 पासून ही पट्टी देण्याचा दंडक आहे. आणि सफाई सणाच्या आदल्या दिवशी करू नये. त्या भयंकर उष्णतेने एखादे वेळी आतला सुरक्षा-फ्यूज उडतो, आणि ऐन दिवाळीत चूल बंद!

एवढे वाचून झाल्यावर माझ्या मनात वेगळाच विचार आला. ‘स्वतः साफ होतो’ म्हणतात, तो ओव्हन स्वतः काय करतो? जाळतो. तूप टिपते कोण? जाळ्या काढून धुते कोण, खिडकी उघडते कोण, पिंजरा नेते कोण, तीन तास घरात थांबते कोण आणि शेवटी राख पुसते कोण? रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी 1983 साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ हा ग्रंथ लिहिला. नव्या चुलींनी लाकडे फोडण्याचे पुरुषांचे काम वाचवले, नव्या यंत्रांनी स्वच्छतेच्या अपेक्षा वाढवल्या, पण घरच्या बाईचे तास म्हणावे तसे कमी झालेच नाहीत, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणून यंत्र वाईट, असे मी म्हणणार नाही. दाहक सोड्यात हात घालण्यापेक्षा बटण शतपटीने बरे. पण उरलेले काम यंत्राच्या नावावर जमा झाले, म्हणजे ते कोणी केले हे विचारायचेच राहून जाते. माझ्या लेकीने ते पुस्तक कधी वाचले, कितीदा पिंजरा शेजारणीकडे पोहोचवला, हे तोवर मला तरी कुठे ठाऊक होते?

भाऊबीज झाली. पुढच्या रविवारी आम्ही सगळ्यांनी मिळून सफाई केली. नातीने पोपट शेजारी नेऊन ठेवला, मी तूप टिपले, लेकीने जाळ्या धुतल्या. दुपारी ओव्हन निवाल्यावर कुलूप खट्‌कन उघडले. आत मुलामा चकाकत होता आणि तळाला करडी राख होती, वाईच्या चुलीत सकाळी असायची तशीच, फक्त चिमूटभर.

मी फडके ओले करून पिळले आणि जावईबापूंच्या हाती दिले. ते हसले, ओव्हनपुढे गुडघे टेकून बसले आणि कोपऱ्याकोपऱ्यांतून राख पुसू लागले. “दमलास का, बाबा?” नातीने विचारले.

माझ्या आईला हे कोणी विचारले नव्हते. मीही नाही.