‘ऑफ’ आणि ‘चा’

‘सिटी ऑफ पूना’ ह्याचें भाषांतर एका विद्यार्थ्यानें ‘पुण्याचें शहर’ असें केलें, तेव्हां आम्ही त्याचा अर्धा गुण कापला. पुणें हेंच शहर; मग तें पुण्याचें कसें? परंतु ‘ऑफ म्हणजे चा-ची-चें’ हा मंत्र त्याला आम्हींच दिला होता!

वस्तुतः ह्या अव्ययाचा मूळ अर्थ संबंध नव्हे, वियोग. प्राचीन इंग्रजींत तें ‘पासून, दूर’ असा अर्थ दाखवी. शेवटीं एक एफ अधिक असलेलें ‘ऑफ’ हें त्याचेंच भावंड. पुढें इंग्रजीचे विभक्तिप्रत्यय झिजले, १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचचें वळण लागलें, आणि षष्ठीचा बराच भार ह्या अव्ययावर पडला. शहराच्या नांवाआधीं अव्यय घालण्याची रीत फ्रेंचांतहि आहेच. जुना अर्थ मात्र मेला नाहीं. ‘पटकीनें मेला’ येथें इंग्रज ‘ऑफ’च घालतो, मृत्यु कोठून आला तें तो सांगतो.

पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख केलेल्या मेजर कँडींनीं मोल्सवर्थांचा अपुरा इंग्रजी-मराठी कोश पुरा केला. तो १८४७ सालीं निघाला. कोशांत एका शब्दाखालीं अनेक पर्याय असतात. वर्गांत मात्र पहिलाच घोकला जातो. ‘कप ऑफ मिल्क’ म्हणजे पेलाभर दूध. ‘दुधाचा पेला’ मागितल्यास घरांतील मंडळी रिकामा पेलाहि पुढें करतील, आणि त्यांत त्यांची चूक नाहीं.

आतां आम्ही हें अव्यय शिकवितांना ‘पासून’ येथून आरंभ करतों. ‘चा’ तिसऱ्या दिवशीं येतो.