कोब्रा का मोडली?

१८ सप्टेंबर १९०१ च्या सकाळी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ, लिंकनशायरच्या समोर, ‘कोब्रा’ ही नवीकोरी युद्धनौका मधोमध मोडली. आदल्याच संध्याकाळी ती टाइन नदीतून निघाली होती. पोर्ट्समथला जाऊन तिच्यावर तोफा चढायच्या होत्या. ६७ माणसे बुडाली, १२ वाचली. मेलेल्यांत नौसैनिकांबरोबर तिची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीची माणसेही होती.

कोब्रा ही विनाशिका होती. हा प्रकार जन्माला आला तो पाणतीराच्या, म्हणजे टॉर्पेडोच्या, भीतीपोटी. रॉबर्ट व्हाइटहेडने १८६६ मध्ये स्वतःच्या बळावर पाण्यातून धावणारा पाणतीर तयार केला, आणि तो सोडणाऱ्या छोट्या, स्वस्त बोटी अवाढव्य युद्धनौकांना भारी पडतील असे दिसू लागले. या बोटींचा पाठलाग करायचा तर त्यांच्याहून वेगवान नौका हवी. १८९३ मध्ये यारो कंपनीने बांधलेल्या ‘हॅवक’ने २६ नॉटचा वेग गाठला. मग २७, मग ३०, अशी चढाओढच लागली.

वेग दुप्पट करायचा तर शक्ती ढोबळमानाने आठपट लागते. शक्ती वाढवली की यंत्राचे वजन वाढते. मग वजन कमी करायचे कुठे? सांगाड्यात! विनाशिकांचे पोलादी पत्रे जेमतेम काही मिलिमीटर जाडीचे असत. त्यात दट्ट्याच्या वाफयंत्रांचा हादरा इतका, की बोट सतत थरथरायची.

यावर चार्ल्स पार्सन्सने टर्बाइनचा उपाय आणला. दट्ट्याची मागेपुढे धडपड नाही, नुसते फिरणे. १८९७ च्या जून महिन्यात, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवी नौदल संचलनात, त्याची ‘टर्बिनिया’ ही बोट मोठ्या जहाजांच्या रांगांमधून भरधाव धावली आणि पहारेकरी बोटींना ती अडवता आली नाही. (आमच्या मते इतकी धीट जाहिरात विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच झाली असेल.) नौदलाने ‘व्हायपर’ बनवून घेतली, आणि आर्मस्ट्राँग कंपनीने आपणहून बांधलेली कोब्राही विकत घेतली. व्हायपरने ३६ नॉटच्या पुढे मजल मारली, म्हणजे ताशी ६६ किलोमीटरहून अधिक. पण ३ ऑगस्ट १९०१ रोजी ती धुक्यात ऑल्डर्नी बेटाजवळच्या खडकांवर चढून निकामी झाली. त्यात जीवितहानी झाली नाही. सात आठवड्यांच्या आत कोब्राही गेली. खलाशी म्हणू लागले, सापांची नावेच अपशकुनी.

आता आपण जरा फूटपट्टी हातात घेऊ या. ती दोन पुस्तकांवर टेकवून मध्यावर दाबली, तर तिची खालची बाजू ताणली जाते व वरची दाबली जाते. पुस्तक मध्ये ठेवून टोके दाबली, तर बरोबर उलट. जहाजाचे असेच होते. लाटेचा माथा मध्यावर आला की टोकांचा आधार कमी होतो. दोन माथे टोकांखाली आले की मध्यभाग झोळीसारखा लोंबू पाहतो. लाट जहाजाइतकी लांब असली, तर हे वाकणे सर्वांत जास्त. आणि पातळ पत्रा ताण सोसतो, पण दाबाखाली पटकन सुरकुततो. कागदाची पट्टी ओढून आणि मग टोकांकडून दाबून मुलांना हे एका मिनिटात दाखवता येते.

कोब्रा गाळात किंवा खडकावर आदळली नाही, नौकानयनातही चूक झाली नाही, तिची बांधणीच दुबळी होती, असा निर्णय नौदलाच्या न्यायालयाने दिला. ती विकत घेतली याबद्दल त्याने खेदही व्यक्त केला. टर्बाइनवर ठपका आला नाही. पण बांधणाऱ्यांना हे पटेना. एखाद्या बुडालेल्या अवशेषावर ती आपटली असावी, असे काहींचे म्हणणे होते.

मग एक नामी प्रयोग झाला. ‘वुल्फ’ ही विनाशिका पोर्ट्समथच्या सुक्या गोदीत आणून एकदा फक्त मध्यावर, एकदा फक्त टोकांवर टेकवली, आणि भोवतालचे पाणी हळूहळू उतरवत पत्रे किती ताणले जातात ते मोजले. म्हणजे आपलीच फूटपट्टी, पण साठ मीटरहून लांब. पुढे तिला खवळलेल्या समुद्रातही नेले. मोजलेले ताण हिशेबापेक्षा कमीच भरले; वुल्फ काही मोडली नाही. कोब्राच्या सांगाड्याचे मोजमाप मात्र आता कोणालाच घेता येणार नव्हते.