अंबालाल डाह्याभाई पटेल आणि फिजीतील समान मतदार यादीचा प्रश्न

इ. स. १८७९ ते १९१६ या काळात सुमारे ६०,००० भारतीय मजूर गिरमिटावर ब्रिटिशांच्या फिजी वसाहतीत नेण्यात आले. त्यांच्या वंशजांचे सर्वांत प्रभावी नेतृत्व मात्र गिरमिट न भोगलेल्या एका स्थलांतरिताकडे गेले. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात १९०५ साली जन्मलेले व इंग्लंडमध्ये कायद्याचे शिक्षण घेतलेले अंबालाल डाह्याभाई पटेल १९२८ मध्ये फिजीत पोहोचले. ऊसमळ्यावरील हालअपेष्टांची स्मृती त्यांच्या घराण्यात नव्हती. कायद्याची भाषा मात्र त्यांना राज्यकर्त्यांइतकीच अवगत होती.

१९४३ च्या ऊस उत्पादकांच्या संपाचे नेतृत्व त्यांनी स्वामी रुद्रानंदांसह केले. युद्धकाळातील हा संप निष्फळ ठरला आणि भारतीयांवर बेइमानीचा ठपका आला. तरीही, किंबहुना त्यामुळेच, १९४४ मध्ये मतदारांनी पटेल यांना विधान परिषदेवर पाठविले.

समान मतदार यादीची मागणी भारतीय सदस्यांनी १९२९ मध्येच केली होती. पटेल यांनी ती आपल्या राजकारणाचा पाया केली. १९६५ च्या लंडन परिषदेत ती फेटाळली गेली. नव्या रचनेत निवडून द्यावयाच्या ३६ जागांपैकी मूळ फिजीवासीयांना १४, निम्म्याहून किंचित अधिक लोकसंख्येच्या भारतीयांना १२, तर युरोपीय, चिनी आदी अल्पसंख्याकांना तब्बल १० जागा मिळाल्या. पटेल यांचा आक्षेप तर्कशुद्ध होता. परंतु १९४६ च्या जनगणनेत भारतीयांची संख्या आपल्याहून अधिक झाल्याचे पाहिलेल्या फिजी सरदारांना 'एक व्यक्ती, एक मत' या सूत्रात आपल्या जमिनीची शाश्वती धोक्यात दिसत होती. ही भीती पटेल यांनी पुरेशी जोखली नाही, असेच म्हणावे लागते. १९६७ मध्ये त्यांच्या फेडरेशन पक्षाने सभात्याग केला. १९६८ च्या पोटनिवडणुकांत पक्षाने सर्व ९ जागा वाढीव मताधिक्याने राखल्या, पण वांशिक तणाव चिघळला.

१९६९ मध्ये लॉर्ड डेनिंग यांच्या लवादापुढे पटेल यांनी शेतकऱ्यांची बाजू मांडली. निवाडा येण्यापूर्वीच, १ ऑक्टोबर रोजी, त्यांचे निधन झाले. उत्पन्नाचा ६५ टक्के वाटा शेतकऱ्यांना देणारा तो निवाडा न मानवल्याने कॉलोनियल शुगर रिफायनिंग कंपनी १९७३ मध्ये फिजीतून निघून गेली. समान मतदार यादी पूर्णांशाने अमलात आली ती २०१४ च्या निवडणुकीत. तीही लष्करी उठावातून सत्तेवर आलेल्या सरकारने लागू केलेल्या संविधानान्वये.