मळवलीचा छापखाना

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलमधून मळवलीला उतरणारे बहुतेक जण पाठीवर सॅक अडकवूनच उतरतात. भाज्याची लेणी, लोहगड, विसापूर, वाटेत कांदाभजी आणि संध्याकाळची परतीची गाडी. याच परिसरात एके काळी जर्मन यंत्रं धडधडत होती आणि देशभरच्या भिंतींवर लागणाऱ्या लक्ष्मी-सरस्वती इथं दगडावरून कागदावर उतरत होत्या, हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. राजा रविवर्मा यांच्या छापखान्याबद्दल आपण बोलतो तेव्हा चित्रकाराबद्दल बोलतो. छापखाना हा धंदा होता आणि तो कसा चालला, हे बाजूलाच राहतं.

मूळ कल्पना सर टी. माधवराव यांची. तंजावरच्या मराठी कुळातला हा माणूस त्रावणकोर आणि बडोदा या दोन्ही संस्थानांचा दिवाण राहिलेला. रविवर्मांच्या चित्रांना मागणी इतकी, की एका माणसाच्या हातानं ती पुरी होणं शक्य नव्हतं. तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवावीत आणि तिथून रंगीत प्रती छापून आणाव्यात, असं त्यांनी सुचवलं. पुढं सयाजीरावांसाठी काढलेली पौराणिक चित्रं बडोद्यात आणि मुंबईत लोकांसमोर मांडली गेली, तेव्हा ती पाहायला गर्दी लोटली आणि माधवरावांचा अंदाज खरा असल्याचं दिसलं. पण रविवर्मांनी चित्रं युरोपात धाडण्याऐवजी यंत्रंच इकडं आणायचं ठरवलं. हिशेबाच्या दृष्टीनं त्यांचं पहिलं चुकलेलं पाऊल हेच, असं मला वाटतं. ते चुकलं नसतं तर पुढं सांगण्यासारखं काही उरलंही नसतं.

1894 साली मुंबईत गिरगावात छापखाना उभा राहिला. भागीदार गोवर्धनदास खटाव मखनजी, यंत्रं जर्मनीची आणि ती चालवायला तंत्रज्ञही जर्मन. पहिलं चित्र निघालं ते शकुंतलेच्या जन्माचं. रंगीत चित्रांचा धंदा मराठी मुलखाला अगदी नवा नव्हता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात 1878 मध्ये चित्रशाळा काढली होती आणि तिची देवादिकांची, पेशवाईतल्या पुरुषांची चित्रं घरोघर पोचलेली होती. रविवर्मांना हवं होतं ते निराळं. कागदावरचं चित्र तैलचित्रासारखंच दिसलं पाहिजे, नऊवारीचा काठ बोटाला लागेल असं वाटलं पाहिजे. तसली छपाई किती महाग पडते, हे समजायला शिळाछापाची रीत थोडी पाहावी लागते.

बव्हेरियातून आलेला गुळगुळीत चुनखडीचा दगड. त्यावर तेलकट शाईनं चित्र उतरवायचं, मग दगड ओला करायचा. ओल्या जागी छापण्याची शाई बसत नाही, तेलकट जागी बसते. सगळी जादू एवढीच. पण एक दगड एकच रंग देतो. चेहऱ्याचा गुलाबी, सावलीचा तपकिरी, शालूचा तांबडा, आभाळाचा फिका निळा, प्रत्येकाला दगड वेगळा. अशा एका चित्राला डझनभर दगड सहज लागत, कधी त्याहूनही जास्त. मूळ चित्रातला कोणता रंग किती दगडांत वाटायचा हे ठरवून कारागीर ते हातानं, बारीक ठिपक्या-ठिपक्यांनी उतरवत. मग तोच कागद पुन्हा पुन्हा यंत्राखालून जायचा. जुळणी केसभर हलली की देवीचं कुंकू भुवईवर. शेवटी वरून वार्निश. कागद दमटपणानं वाढतो, उन्हानं आखडतो. मावळातल्या पावसाळ्यात या जुळणीचं काय होत असेल, हे छापखान्यात उभं राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

थोडक्यात, चित्र विकलं जाण्याच्या कितीतरी आधी दगड, शाई, कागद आणि कारागिरांचे पगार यांत पैसा अडकून पडणार. छापलेल्या प्रती गावोगावच्या विक्रेत्यांकडून खपून त्याची वसुली कधी होईल, ते देवच जाणे. एका चित्राचा मोबदला एका संस्थानिकाकडून घेण्याची सवय झालेल्या चित्रकाराला हे गणित परकं होतं.

त्यात प्लेग आला. 1896 पासून मुंबई रिकामी होऊ लागली. छापखाना आधी घाटकोपरला हलला आणि एकोणिसावं शतक संपता संपता मळवलीला आला. मखनजींची भागीदारी सुटली आणि कर्ज दोन भावांच्या गळ्यात पडलं. रविवर्मांचे धाकटे बंधू राजवर्मा स्वतः चित्रकार. प्रवास, पत्रव्यवहार, गिऱ्हाइकांशी बोलणी, सगळं त्यांच्याकडं. त्यांनी इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी उपलब्ध आहे. छापखान्याच्या कर्जाचा ताप या दोघांना किती झाला, ते तिच्यातून कळतं. अखेर विसाव्या शतकाच्या आरंभी छापखाना विकला. घेणारा होता फ्रिट्झ श्लायशर, यंत्रांसाठी आणलेला जर्मन तंत्रज्ञ. 89 चित्रं छापण्याच्या हक्कांसह व्यवहार 25,000 रुपयांना झाल्याचं नोंदलं गेलं आहे. 1905 मध्ये राजवर्मा गेले, पाठोपाठ 1906 मध्ये रविवर्मा.

श्लायशरनं नाव बदललं नाही. एवढ्यावरूनच त्याची धंद्याची समज कळते. देवादिकांची चित्रं त्यानं चालू ठेवली, एम. व्ही. धुरंधरांसारख्या इतर चित्रकारांची छापली आणि मुख्य म्हणजे दुसऱ्यांची कामं घेतली. कॅलेंडरं, पोस्टकार्डं, मालावर चिकटवायची लेबलं, जाहिराती. ज्याला छापखानेवाले जॉबवर्क म्हणतात ते. त्यात गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असतं, माल पडून राहत नाही. साबणाच्या जाहिरातीवर मोहिनी झुलताना दिसली की कलासमीक्षक नाक मुरडतात, मुरडोत. त्या लेबलांनी कारागिरांचे पगार भागले आणि दगड फिरते राहिले. दगडाचं एक बरं असतं, काम संपलं की वाळूनं घासून जुनं चित्र पुसता येतं आणि त्याच दगडावर नवं काढता येतं.

इथं काम शिकून बाहेर पडलेल्यांत एक होते धुंडिराज गोविंद फाळके. 1908 च्या सुमारास त्यांनी लोणावळ्यात स्वतःचा ब्लॉक आणि छपाईचा कारखाना काढला, पुढं तो दादरला नेऊन लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स केला, रंगीत छपाईचं यंत्र आणायला जर्मनीला जाऊन आले, आणि भागीदारांशी पटेना म्हणून सगळं सोडून बाहेर पडले. 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा. भागीदारीनं रविवर्मांना कर्ज दिलं आणि फाळक्यांना सिनेमाकडं ढकललं, असं म्हटलं तर फार वावगं होऊ नये.

नकला तर सुरुवातीपासूनच होत होत्या. मँचेस्टरच्या कापडाच्या ताग्यांवर आणि परदेशी काड्यापेट्यांवर याच चित्रांच्या उसन्या आवृत्त्या झळकत होत्या. घरोघरच्या बायका विकत घेतलेल्या चित्रातल्या देवीला खऱ्या जरीचं लुगडं आणि टिकल्या चिकटवत, म्हणजे एका परीनं त्यांनीही चित्र आपल्या हातानं बदललंच. 1935 साली श्लायशर गेला. छापखाना त्याच्यामागंही राहिला; 1972 मध्ये लागलेल्या आगीत तो भस्मसात झाला, साठवलेल्या जुन्या छापांसकट.

गेल्या दिवाळीत आमच्या वाण्यानं कॅलेंडर हातात ठेवलं. कमळावर उभी चार हातांची लक्ष्मी, तेच तोंड, तोच पदर. हत्ती मात्र कुणीतरी गाळला आहे. दुकानाचं नाव आणि दोन मोबाइल नंबर छापायला तेवढी जागा लागणार होती.