पेपर्ड पतंग (शालेय विज्ञानशिक्षणातील उदाहरण)

पेपर्ड पतंग : (शास्त्रीय नाव बिस्टन बेटुलारिया, कुल जिऑमेट्रिडी). ब्रिटनसह युरोप, आशिया व उत्तर अमेरिकेत आढळणारा निशाचर पतंग. पंख पांढरट असून त्यांवर मिऱ्याची भरड शिंपडल्यासारखे काळे ठिपके असतात. याच जातीत पूर्ण काळा प्रकारही आढळतो. नैसर्गिक निवडीचे उदाहरण म्हणून या दोन प्रकारांची छायाचित्रे जगभरच्या शालेय पुस्तकांत छापली जातात. मात्र खाली एका वाक्यात निष्कर्ष देऊन पाठ पुढे सरकतो आणि तो निष्कर्ष कसा तपासला गेला, हा शिकवण्याजोगा भाग राहून जातो.

मँचेस्टरमध्ये काळ्या पतंगाची पहिली नोंद १८४८ सालची आहे. १८९५ पर्यंत त्या परिसरातील सुमारे ९८ टक्के पतंग काळे होते. मधल्या काळात गिरण्यांच्या धुराने झाडांच्या सालीवरची शैवाके (गोड्या मसाल्यातले दगडफूल हेही शैवाकच) मरून गेली होती आणि खोडे काजळीने माखली होती. काळ्या खोडावर पांढरे पतंग पक्ष्यांना चटकन दिसतात, म्हणून ते अधिक खाल्ले जात असावेत, असे अनुमान जे. डब्ल्यू. टट यांनी १८९६ मध्ये मांडले. १९२४ मध्ये जे. बी. एस. हॉल्डेन यांनी गणिताने दाखवले की इतक्या झपाट्याने प्रमाण बदलायचे तर काळ्या पतंगांना टिकून राहण्यात फार मोठा फायदा मिळत असला पाहिजे. त्याच सुमारास दुसरेही एक अनुमान पुढे आले होते. काजळीतली रसायने अळीच्या पोटात जाऊन रंगाचे उत्परिवर्तन घडवतात, असे हेस्लप हॅरिसन यांचे म्हणणे होते. वर्गात ही दोन्ही अनुमाने शेजारीशेजारी ठेवून ‘कोणते खरे, हे कसे ठरवाल?’ असे विचारणे हीच या पाठाची उत्तम सुरुवात होय.

ऑक्सफर्डचे बर्नार्ड केटलवेल यांनी १९५३ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या रानात पतंगांच्या पंखांना खालच्या बाजूने, पक्ष्यांना दिसणार नाही असा, रंगाचा ठिपका लावून ते सोडले व रात्री सापळ्यांनी पुन्हा पकडले. सोडलेल्या ४४७ काळ्यांपैकी १२३ परत सापडले, तर १३७ पांढऱ्यांपैकी फक्त १८. विद्यार्थ्यांना टक्केवारी काढू द्यावी. ती साधारण २७.५ आणि १३ येते. त्यांना इथेच थांबवून शंका काढायला लावावे. पांढरे पतंग दूर उडून गेले असतील. ते मुळातच कमी जगत असतील. काळे पतंग सापळ्याकडे जास्त ओढले जात असतील. यांतली एकही शंका फालतू नाही आणि एका रानातल्या आकड्यांनी तिचे निरसन होत नाही. केटलवेल यांनी १९५५ मध्ये तोच प्रयोग डॉर्सेटमधील धूर न पोचलेल्या, शैवाकांनी भरलेल्या रानात केला. तिथे ४७३ काळ्यांपैकी ३० आणि ४९६ पांढऱ्यांपैकी ६२ परत सापडले. पारडे उलटले. पतंग तेच, पद्धत तीच, बदलली ती झाडाची साल. त्यामुळे दोष पतंगात किंवा सापळ्यात शोधता येत नाही. निको टिनबर्गन यांनी पक्षी पतंग टिपतानाचे चित्रीकरणही केले.

प्रयोगावर पुढे आक्षेप आले, आणि तेही वर्गात सांगितले पाहिजेत. पुस्तकांतली बरीच छायाचित्रे मेलेले पतंग खोडावर टाचून घेतलेली होती. शिवाय हे पतंग दिवसा खोडापेक्षा फांद्यांवर अधिक बसतात. मायकेल मॅजेरस यांनी २००१ ते २००७ या काळात केंब्रिज येथे ४,८६४ पतंग सोडून, केटलवेल यांच्या पद्धतीतील उणिवा टाळून, नव्याने तपासणी केली. त्यांच्या निधनानंतर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी पक्ष्यांकडून होणाऱ्या निवडीला भक्कम दुजोरा दिला. दरम्यान ब्रिटनमध्ये १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर धूर घटला आणि काळ्यांचे प्रमाण उतरत गेले.

वर्गात हा विषय सहसा कागदी खेळाने घेतात. वर्तमानपत्राच्या पानावर पांढऱ्या व छापील कागदाच्या सारख्याच संख्येच्या चकत्या पसरायच्या, ‘पक्षी’ झालेल्या मुलाने ठरावीक सेकंदांत सापडतील त्या उचलायच्या, उरलेल्यांची संख्या दुप्पट करून पुढची पिढी मांडायची. कोणता प्रकार वाढेल याचा अंदाज आधी वहीत लिहायला लावावा आणि नंतर पांढऱ्या पानावर तोच खेळ पुन्हा घ्यावा. निवडीने प्रमाण कसे बदलते, एवढेच हा खेळ दाखवतो. मँचेस्टरमध्ये ते पक्ष्यांमुळे बदलले, याचा पुरावा तो देत नाही. त्यासाठी रानातलेच आकडे लागतात. एकेकट्या चकतीचा रंग कधीच बदलत नाही, हे मुलांच्या मुद्दाम लक्षात आणून द्यावे. ‘पतंगांनी जगण्यासाठी रंग बदलला’ हे उत्तरपत्रिकांत हमखास येणारे वाक्य इथेच दुरुस्त होऊ शकते.

२०१६ मध्ये काळ्या रंगाचे मूळ सापडले. कॉर्टेक्स नावाच्या जनुकात डीएनएचा एक तुकडा शिरल्याने तो आला, आणि हा बदल १८१९ च्या सुमारास झाला असावा, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. ब्रिटनमधले काळे पतंग अशा एकाच बदलाचे वारस ठरल्यामुळे, काजळीनेच उत्परिवर्तन घडवले हे जुने अनुमान आणखी मागे पडले.

या उदाहरणाला मर्यादा आहे. इथे एका जातीतील प्रमाण बदलले, नवी जाती झाली नाही. सजीवांच्या समान पूर्वजांविषयी बोलायचे तर जीवाश्म, अवशेषांगे व जनुकीय पुरावे लागतात. महाराष्ट्रात दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ भाग २ मध्ये ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पाठ आहे. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून मात्र अभ्यासक्रम कमी करताना उत्क्रांतीचा भाग गाळला गेला. २०२३ मध्ये १,८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी खुल्या पत्राद्वारे तो पुस्तकात पुन्हा घेण्याची मागणी केली. दहावीनंतर जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलांना हा विषय शाळेत पुन्हा भेटत नाही, त्यामुळे ही मागणी रास्त होती.