येडशीला उतरलेला ताप

मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, आमच्या घरात बार्शी लाईट रेल्वेनं आली, असं आजी सांगायची. तिनं ती पाहिली नव्हती. तिच्या सासूनं, म्हणजे थोरल्या आईनं, पाहिली होती. 1918 साल, राज्य निजामाचं, पावसानं दगा दिलेला. जूनमध्ये मुंबईत शिरलेली साथ दसऱ्याच्या सुमारास फार उलटली. पणजोबा गिरणीतून निघून येडशीला उतरले ते तापातच.

छाती घरघरायची. तिसऱ्या दिवशी की पाचव्या (आजीचे दिवस बदलायचे) त्यांना वात झाला. आढ्याकडं बोट करून ओरडायचे, "साचा बंद करा, धागा तुटला!" मध्येच यरमाळ्याच्या यात्रेला बैल जुंपायला उठायचे. गावानं बाहेरची बाधा ठरवली. थोरल्या आईनं लिंबूही उतरवलं, पण उशाशी बसून ती अखंड बोलत राहिली. म्हैस व्याली, अमक्याची सोयरीक मोडली, असलंच काहीबाही. मधूनमधून हुलग्याच्या माडग्याचा घोट. (आमच्याकडं तापात ते अजून लागतंच, डॉक्टर काही म्हणोत.) पणजोबा वाचले. बोलण्यानं वाचले असं म्हणवत नाही. देशात एक कोटीहून अधिक माणसं गेली, त्यांच्याही उशाशी कुणी बसलंच असेल.

मग 2021 चा एप्रिल. मामा जिल्ह्याच्या गावी कोविड वॉर्डात. रात्रंदिवस तोच दिवा, सगळी तोंडं झाकलेली. ही सावकाराची माणसं, सातबारा लिहून घ्यायला आलीत, म्हणत मामांनी मास्क ओढून काढला. फुप्फुस भरलं की मेंदूला प्राणवायू कमी पडतो, अंगातल्या सुजेची झळ तिथवर जाते. त्यात झोप नाही, वर गुंगीची औषधं. कुणी बरळतो, कुणी नुसता मुका पडून राहतो, ते तर लक्षातही येत नाही. त्याच वर्षी 'लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन'मध्ये 14 देशांतल्या अतिदक्षता विभागांतल्या 2,088 कोविड रुग्णांचा अभ्यास छापून आला. निम्म्याहून अधिकांना असा भ्रम झालेला. घरचं माणूस भेटलं, फोनवर का होईना, त्यांच्यात तो कमी.

एका नर्सताईनं स्वतःचा मोबाईल मामांपुढं धरला. मामी रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "अवो, मोटर जळाली हुती, बांधून आणली." मामा गप्प झाले. मग विचारलं, किती घेतले?

घरी आल्यावरही कितीतरी रात्री दचकून उठायचे. पुढं तलाठ्याकडून उतारा काढून आणला. नाव त्यांचंच होतं. तरी तो कागद कपाटात कुलपात ठेवलाय, आणि किल्ली मामीलासुद्धा देत नाहीत.